राखणदाराचं सुकणें

गोकुळदासने उजवा हात पुढे केला, सुकणें नावाच्या भांड्याच्या कानात बोटं घातली आणि उचललं. वीतभर वर आलं असेल नसेल, तोच त्याचं मनगट खाली पडलं, बोटं आपोआप सुटली आणि भांडं देवाच्या घुमटीच्या चिऱ्यावर आपटून परसात गडगडत गेलं. आतली माडाची सूर लाल मातीत सांडली आणि बघता बघता जिरली.

चंद्रावती मागीलदारी राख आणि काथ्या घेऊन भांडी घाशीत बसली होती. पडलेलं भांडं उचलायचं, हे तिच्या हातांना इतकं ठाऊक होतं की बाकी काही आठवायच्या आत ती धावली आणि तिने ते उचललं. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"ठेव ता खाली," गोकुळदास म्हणाला. एरवी तो ओरडला असता, पण आता त्याच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं.

तिने लगेच ठेवलं नाही. इतकी वर्षं जे लांबून पाहिलं होतं त्याच्या आत ती पहिल्यांदाच बघत होती. तळाशी पांढुरकं काहीतरी धरलं होतं. वास आंबूस गोड. आणि कल्हईचा मागमूस नव्हता.

कोकणीत सुकणें म्हणजे पक्षी. हे नाव कुणी ठेवलं ते घरात कुणाला सांगता येत नव्हतं, पण बघणाऱ्याला विचारावंही लागत नसे. तीन बारीक पायांवर ते उभं राही, पुढे चोचीसारखी पन्हळ, मागे शेपटीसारखं टोक, काठावर दोन खुंट्या, बाजूला एक कान. गोकुळदासचे पणजोबा पोर्तुगीजांच्या पलटणीत आचारी म्हणून मकावला गेले होते, त्यांनी ते तिकडून आणलं. चीनमधले लोक जुन्या काळी ह्यातून आपल्या मेलेल्या वाडवडिलांना दारू देत, असं विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं. पणजोबा धारगळला परतले तेव्हा घरामागच्या घुमटीतल्या राखणदाराला करवंटीतून सूर दिली जात होती. घराची, शेताची, पोराबाळांची राखण करणारा देव, आणि त्याला करवंटी! पणजोबांना लाज वाटली. चिनी वाडवडिलांचं भांडं धारगळच्या राखणदाराच्या सेवेला लागलं ते असं.

तेव्हापासून ते कधी रिकामं राहिलं नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाने रोज सकाळी न्हाऊन ओलेत्याने घुमटीकडे जायचं, रात्रभर राहिलेली सूर तीर्थ म्हणून प्यायची आणि रेंदेराने माडावरून नुकतीच उतरवलेली ताजी सूर पुन्हा भरून ठेवायची. बायकांनी तिकडे फिरकायचं नाही. बाईचा हात लागला तर हळदीचं पाणी शिंपडून भागतं. तोंड लागलं तर मात्र राखणदार ते भांडं पुन्हा घेत नाही, ते खाडीत सोडावं लागतं आणि घराची राखण सुटते. हे सासूने चंद्रावतीला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं. मिठाचा डबा कुठे आहे ते त्यानंतर.

घराला मोठा अभिमान होता तो त्या सुरीच्या चवीचा. इतर कुठल्याही भांड्यात सूर संध्याकाळपर्यंत आंबते. चंद्रावती स्वतः त्याच आंबट सुरीने सान्नांचं पीठ फुगवायची. सुकण्यातली सूर मात्र सकाळी गुळमट लागे. राखणदार तोंड लावतो म्हणून गोड होते, असं सगळे म्हणत. गावात दुसऱ्या कुणाच्या घुमटीत असं होत नव्हतं.

आणि ह्या घरातल्या कर्त्या पुरुषांचे हात जात. गोकुळदासच्या वडिलांचे, आबांचे, पन्नाशीच्या आत गेले. मनगटापासून पंजे लोंबू लागले, पोटात कळा येऊन ते गडबडा लोळत, आणि शेवटी शेवटी भिंतीशी भांडत. त्यांच्याही वडिलांचं असंच झालं होतं म्हणे. राखणदार ज्याला सेवेत घेतो त्याचे हात आधी मागतो, असा घराचा समज होता. ते लोंबते हात बघून लोक नमस्कार करीत. आबा भाकरीचा तुकडा मोडता येईना म्हणून रडत, ते फक्त घरच्या बायकांनी पाहिलं होतं.

चंद्रावतीने सुकणें घुमटीत ठेवलं आणि नवऱ्याला हाताला धरून पायरीवर बसवलं.

"हेच्या आत कल्हई नाय," ती म्हणाली.

"देवाच्या भांड्याक कसली कल्हई?"

"आंबट वस्तू बिनकल्हईच्या भांड्यात ठेवली तर कळकता. ल्हान पोराकसुद्धा म्हायत आसा."

"ही आंबट जाताच खंय? गोड जाता." गोकुळदासने हनुवटीवर ओघळलेली लाळ कोपराने पुसली. "आणि आमच्या योगेशाक ह्यातला काय सांगू नको. भांडा पडला म्हणून तो घाबरतलो."

ती आत गेली, पण चुलीपुढे बसल्यावर तिचे हात कामाला लागेनात. एक शब्द तिच्या डोक्यात फिरत होता. तो तिने दोनदा ऐकला होता.

पहिल्यांदा, गोव्याचं राज्य झालं त्या वर्षी. पणजीहून जुन्या वस्तूंचा एक अभ्यासक आला होता. घुमटीपासून दोन हात लांब उकिडवा बसून तो कितीतरी वेळ सुकण्याकडे बघत राहिला. हे भांडं हजारो वर्षांपूर्वीचं असेल, म्हणाला, राजेरजवाडे ह्यातून पितरांना मद्य अर्पण करीत. तांबं, कथील आणि शिसं एकत्र वितळवून ओततात, शिशामुळेच इतकं बारीक नक्षीकाम साधतं. घासूबिसू नका, त्याने जाता जाता बजावलं. चंद्रावती चहाचे कोप घेऊन दाराआड उभी होती. गोकुळदासची मान तेव्हा अभिमानाने ताठ झाली होती.

दुसऱ्यांदा, गेल्या पावसाळ्यात म्हापशाच्या इस्पितळात. तरुण डॉक्टरने गोकुळदासचा खालचा ओठ ओढून हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती.

"छापखान्यात काम करता? बॅटऱ्यांचं? रंगाचं?"

"शेती करतंय."

"तुमच्या पोटात शिसं जातंय कुठून तरी. काय खाता, काय पिता?"

"बायल रांधता ता खातंय," गोकुळदास म्हणाला. घुमटीतलं परक्याला सांगायचं नसतं. डॉक्टरने चंद्रावतीकडे पाहिलं आणि भांड्यांना कल्हई करता का म्हणून विचारलं. करतंय, दर वर्साक करतंय, ती म्हणाली. लाजेने तिचे कान तापले. घरी आल्यावर तिने सगळी पितळेची भांडी पुन्हा कल्हईला दिली, आणि तरी विश्वास वाटेना म्हणून मातीच्या मडक्यात रांधू लागली. वर्षभर ती आपल्याच हातच्या अन्नाला भीत होती. आणि तेवढं वर्षभर हा माणूस तिच्या डोळ्यांदेखत रोज सकाळी परसात जाऊन ते पीत होता. स्वयंपाकघरात जे कळकतं ते देवाच्या पुढ्यात कळकत नाही, असं ह्या घरच्या पुरुषांना वाटत आलं होतं, आणि बायकांना तिथे डोकावायची बंदी होती.

दुपारी तिने पुन्हा विषय काढला.

"डॉक्टरान शिसा म्हणून सांगल्यान. त्या पणजेच्या माणसानय शिसाच म्हटल्यान. तुमी दोनय येळा थंय होतात."

"आबांचे हात शिशान गेले काय?"

"तर कशान गेले?"

"राखणदारान घेतले. माजेय घेतल्यान." गोकुळदासने मांडीवरच्या आपल्या पंजांकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचे तरी तिथे ठेवलेले असावेत असं. "आता काय उरला ता उरला. म्होरच्या आयतवारापासून योगेश बघतलो."

योगेश तिचा एकुलता एक मुलगा.

योगेश खनिजाच्या ट्रकवर होता. डिचोलीजवळच्या खाणीत ये-जा, राहायला सर्वणला भाड्याची खोली, आयतवारी घरी. आदल्या वर्षी खाणीत त्याचा ट्रक मागे घसरत खड्ड्यात गेला, आणि दार उघडं राहिलं होतं म्हणून तो बाहेर फेकला गेला. गुडघा खरचटला, बस. त्या दिवसापासून घरी आला की पायातली चप्पल काढून आधी घुमटीपुढची माती कपाळाला लावायचा. पोरगा देवभोळा नव्हता. मरणातून वाचला होता आणि त्याला कुणाचे तरी आभार मानायचे होते, इतकंच.

सेवा सुरू व्हायच्या आदल्या आयतवारी जेवण झाल्यावर चंद्रावतीने त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर, पणजीचा माणूस, शिसं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"आत कल्हई नाय ती तुका कशी कळली?"

हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं. "लांबसून दिसला," ती म्हणाली.

"लांबसून आतला दिसता?" तो हसला. त्यात हेटाळणी नव्हती, उलट मायाच होती, आणि तेच तिला जास्त लागलं. "तू भियेलंस गो आई. बाबांचा बघून भियेलंस."

"तू पिऊ नको."

"मगे कोण पितलो? बाबांच्यान भांडा उचलणा नाय. दुसरो कोण आसा ह्या घरात?" त्याने ताटलीतला पावाचा तुकडा बोटांनी कुस्करला. "मी खोली सोडतंय. हयसून जातलंय कामाक."

त्याची बोटं जाड आणि चपळ होती, नखांत खाणीची लाल धूळ. चंद्रावती जेवणाची भांडी गोळा करीपर्यंत त्या बोटांकडेच बघत राहिली.

शनिवारी दुपारी गोकुळदासला झोप लागल्यावर ती घुमटीकडे गेली. भांडं रिकामं केलं, टोपलीत घातलं आणि वर तांबड्या भाजीच्या जुड्या पसरल्या. हमरस्त्यावर गॅरेजच्या बाजूला कल्हईवाला भाता लावून बसला होता. त्याने सुकणें हातात घेऊन उलटसुलट केलं.

"ह्या कसला भांडा?"

"देवाचा. आतसून कर. भायर हात लावू नको."

तोंड अरुंद म्हणून तो कुरकुरला, पण केलं. नवसागराचा पांढरा धूर उठला, कथील वितळलं, काडीला बांधलेल्या कापसाने त्याने ते आत सगळीकडे फिरवलं. चंद्रावती पदर नाकाला लावून उभी होती आणि मनातल्या मनात राखणदाराची क्षमा मागत होती. तिचा त्याच्यावर राग नव्हता. त्याने हात मागितले असतील असं तिला कधी वाटलंच नव्हतं. त्याला बिचाऱ्याला दिलं ते तो घेत होता. घरी येऊन तिने ताजी सूर भरली, वर हळदीचं पाणी शिंपडलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगेश न्हाऊन ओलेत्याने घुमटीपुढे उभा राहिला. गोकुळदास पायरीवर बसून बघत होता. योगेशने दोन्ही हातांनी सुकणें उचललं, चोच ओठांना लावली आणि मध्येच थांबला.

"काय रे?"

योगेशने पुन्हा एक घोट घेतला.

"काय जाला? सांग मरे!"

"आंबट."

"हाड हय, चाखून बघतंय."

मुलाने भांडं बापाच्या तोंडाशी धरलं. गोकुळदासने एक घोट घेतला, तोंडात घोळवला. मग त्याने डोळे मिटून घेतले आणि गिळला.

"सोडल्यान आमका," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही आंबट, तिसऱ्या दिवशीही. गोकुळदासने अंथरूण धरलं. जेवण पुढे आलं की तोंड फिरवायचा. पोटात कळ आली की आता ओरडत नसे, हा आपल्याला दिलेला दंड आहे अशा समजुतीने ओठ चावून पडून राही. मी काय चुकलंय, एवढंच तो कधीमधी विचारायचा, छपराकडे बघून. चंद्रावती उशाशी बसून त्याला पेज भरवी. एका वाक्यात तिला त्याची सुटका करता आली असती. मी कल्हई केली, राखणदार कुठे गेला नाही. पण ते वाक्य उच्चारलं की त्याच दिवशी भांडं खरवडलं जाणार होतं. तिला नवऱ्याची दया येत होती, स्वतःची किळस येत होती, आणि तरी तिने तोंड उघडलं नाही. महिना सरायच्या आत तो गेला. जाताना त्याचा पंजा तिच्या तळहातावर होता, पण धरण्याची ताकद त्यात नव्हती.

बारावं उरकल्यावर योगेशने सुकणें उन्हात आणलं. कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. उन्हाची तिरीप आत गेली आणि तळ पांढरा लखलखला. तो तसाच स्वयंपाकघराच्या दारात आला.

"ह्या कोणी केला?"

"मी."

त्याने भांड्याचा लखलखता तळ तिच्यापुढे धरला.

"तुजे हात शाबूत रवाचे म्हणान केलंय," ती म्हणाली.

"बाबा त्या आंबट सुरीन मेले! रोज इचारी होते, मी काय चुकलंय म्हणान. तू आयकत बसलंस."

"बाबा गोड सुरीन मेले, योगेश. आबाय तेनीच मेले. ती गोडी शिशाची आसा."

तो परत फिरला. मग दुपारभर परसातून खर्र खर्र आवाज येत राहिला. ट्रक घासायचा तारेचा ब्रश आणि खाडीची वाळू. चंद्रावती डाळ निवडत होती, तीच डाळ तिने पुन्हा पुन्हा निवडली. जाऊन त्याच्या पाया पडावं असंही तिच्या मनात आलं. पण ज्या पोराचा बाप देवाने टाकल्याच्या दुःखात मेला, त्याच्यापुढे आईच्या रडण्याला काय किंमत असणार, ते तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती दूध तापवीत असताना परसातून हाक आली.

"आई! आई गो!"

योगेश धावतच मागीलदारी आला. अंगावर ओला पंचा, दोन्ही हातांत काठोकाठ सुकणें. त्याने फक्त बोट बुडवून चाखलं होतं. किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. लहानपणी विहिरीत पहिल्यांदा पोहून आला तेव्हा असाच दारात उभा राहिला होता.

"गोड जाली. बघ, गोड जाली गो! इलो तो परत." त्याने सुकणें तिच्यासमोर धरलं. "नमस्कार कर."

चंद्रावतीने हात पदराला पुसले आणि दोन्ही हात पुढे केले. ती भांड्याला हात लावून डोळ्यांना लावणार, असं त्याला वाटलं असावं. हळदीच्या पाण्याने ते भागलं असतं. त्याची पकड सैल झाली. तिने सुकणें काढून घेतलं, पन्हळ ओठांत धरली आणि पिऊ लागली. मध्ये श्वास घ्यायला थांबली नाही. शेवटी भांडं उलटं करून तळाचे थेंबही जिभेवर घेतले.

सूर खरंच गोड होती. विष म्हणजे ते कुठेतरी कडू लागेलच, असं इतके दिवस ती धरून चालली होती. ही चव रोज सकाळी जिभेवर घेणाऱ्या माणसाला बाकीचं काही खरं वाटलं नसेल, ह्यात नवल नव्हतं. पहिल्यांदाच तिला नवऱ्याचा राग आला नाही.

योगेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"काय केलंस तू ह्या? आता राखण गेली. आता माका खाणीत काय जाला तर?"

"तर गावाक सांग, आवशीन केला. माज्या नावार घाल." तिने रिकामं भांडं त्याच्या हातात दिलं. "खाडीत सोडून ये."

त्याने हात उगारला नाही, शिवी दिली नाही. तसं काही केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. सदरा चढवून, सुकणें पंच्यात गुंडाळून तो कोलवाळच्या पुलाकडे चालत निघाला. ती वळणापर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. ह्यापुढे ट्रकला यायला थोडा जरी उशीर झाला तरी आपण दारात उभ्या राहणार, आणि कुठे काही वाईट झालं तर ते आपल्याच नावावर लागणार, हे तिला ठाऊक होतं. तिने चुलीतली लाकडं मागे ओढली आणि उतू गेलेलं दूध पुसून घेतलं.

तो परतला तेव्हा ऊन चढलं होतं. पंचा रिकामा होता. तिच्याकडे न बघता तो पायरीवर बसला, बाप बसायचा तिथेच, आणि म्हणाला,

"पाणी दी."

तिने काठोकाठ भरलेला तांब्या आणून त्याच्या पुढ्यात ठेवला. मुद्दाम हातात दिला नाही. योगेशने एका हाताने तो उचलला आणि वरून घटाघटा पाणी पिऊ लागला. मनगट ताठ होतं. तांब्या रिकामा होईपर्यंत चंद्रावती त्या हाताकडे बघत उभी राहिली.